फिटेपर्यंत आमची नजर

पतसंस्थेत ठेवी जमायला वेळ लागतो, किस्से मात्र पहिल्या दिवसापासून जमतात. मुदत संपली की ठेवीदार आपली ठेव घेऊन जातो, पण किस्सा टाकून गेलेला माणूस तो मागायला परत येत नाही. आमच्या रत्नागिरीच्या शाखेत असे बेवारस किस्से इतके साठलेत की डब्यात लोणचं नसलं तरी जेवण जातं. सांगताना दर वेळी थोडं व्याज चढतं, तेवढं चालवून घ्या.

आम्ही शाखेत चौघं. शाखाधिकारी साळवीसाहेब, कॅशला शिरधनकर बाई, वसुलीला कांबळे आणि कर्ज विभागात मी, म्हणजे सुर्वे मॅडम. मी लागले तेव्हा ही नोकरीत टिकेल असं घरी कोणालाच वाटलं नव्हतं, मलाही नाही. टिकले ती या तिघांमुळे. माझ्या बाळंतपणात माझं टेबल तिघांनी वाटून घेतलं आणि मी परत आले तेव्हा एकही फाइल मागे पडलेली नव्हती. फक्त माझ्या खणातली सुपारी संपली होती.

आमचे निम्मे किस्से एकाच शब्दातून निघालेत. तो शब्द म्हणजे नजरगहाण.

सोनं तारण ठेवलंत तर सोनं आमच्या तिजोरीत येतं. जमीन गहाण टाकलीत तर सातबाऱ्यावर आमचा बोजा चढतो. पण रिक्षा किंवा पिठाची गिरण तिजोरीत ठेवली तर माणूस हप्ता भरणार कशातून? म्हणून कायद्याने मधला मार्ग काढलाय. वस्तू तुमच्याकडेच राहते. ती वापरा, कमवा. पण कर्ज फिटेपर्यंत आमच्या परवानगीशिवाय ती विकायची नाही, हलवायची नाही, आणि हप्ते थकले तर आम्ही ती ताब्यात घेऊ शकतो. इंग्रजीत याला हायपोथिकेशन म्हणतात. तो शब्द साळवीसाहेबांनासुद्धा चहा झाल्याशिवाय नीट म्हणता येत नाही. मराठीत सोपं आहे. वस्तू तुमची, नजर आमची. समजायला सोपं, आणि गैरसमज व्हायला त्याहून सोपं.

*

पावसच्या वाटेवरच्या एका गावातून सुलभा आणि दिलीप मांडवकर हे जोडपं आलं होतं. पिठाची गिरण आणि शेजारी मसाला कुटायचा डंक टाकायचा होता. मी दोघांना समोर बसवून सगळं समजावून सांगितलं. गिरण तुमची, पण फिटेपर्यंत आमची नजर तिच्यावर राहणार. दिलीप मान हलवत होता. सुलभा मात्र माझ्याकडे जरा निरखून बघत होती.

कर्ज दिल्यावर वस्तू खरंच घेतली का, हे बघायला जावं लागतं. महिन्याभराने साळवीसाहेब आणि मी गेलो. गिरण झकास बसवली होती. तिच्यावर आमच्या संस्थेचं नाव आणि खाली 'नजरगहाण' असं लाल रंगात लिहिलेलं होतं. आणि त्या नावाच्या बरोबर वर लिंबू-मिरची, बिब्बा आणि एक चांगली हातभर काळी बाहुली लटकत होती.

"सुलभा, हे एवढं कशाला गं?" मी विचारलं.

"तुम्हीच सांगितलात ना मॅडम, फिटेपर्यंत आमची नजर हाय म्हणून," ती म्हणाली. "मग नको बांधायला?"

दिलीप बिचारा मेल्याहून मेल्यासारखा झाला. साळवीसाहेब मात्र गंभीर चेहऱ्याने अहवाल लिहीत राहिले. परत येताना मी गाडीत तो वाचला. त्यांनी लिहिलं होतं, 'तारण सुस्थितीत. संस्थेपासून पुरेसे संरक्षण केलेले आहे.'

*

आमचे अध्यक्ष एका लग्नाला राजापूरला गेले होते. बाजारपेठेत त्यांची गाडी एका रिक्षाच्या मागे अडकली. थोड्या वेळाने साळवीसाहेबांचा फोन वाजला.

"साळवी, आपल्या संस्थेची नजर कशी आहे?"

साहेब गोंधळले. "चांगली आहे, साहेब."

"मग मी रिक्षाच्या पाठीवर घाण का वाचतोय?"

प्रकार असा झाला होता की रिक्षावाल्याने पेंटरला काय लिहायचं ते फोनवर सांगितलं होतं. गहाण हा शब्द जरा भरभर म्हणून बघा. घाणच ऐकू येतं. पेंटरने इमानदारीत मोठ्या पिवळ्या अक्षरांत रंगवलं होतं, 'नजर घाण', आणि खाली आमच्या संस्थेचं पूर्ण नाव, शाखेसकट. बिचारा रिक्षावाला स्वतःच्या रिक्षाच्या मागून कधी गेलाच नव्हता, त्यामुळे चार महिने शाळेच्या पोरी, बाजाराच्या बाया आणि दोन तलाठी आमची बदनामी वाचत त्या रिक्षामागून फिरत होते.

मी पेंटरला फोन लावला आणि सगळं पुसून नीट लिहून द्यायला सांगितलं. तो जराही ओशाळला नाही.

"देतो ना मॅडम," तो म्हणाला. "पण घाण काढायचे वेगळे पडतील."

*

मध्यंतरी साळवीसाहेबांकडे दापोलीच्या शाखेचा जादा कार्यभार होता. तिथल्या एका माणसाने मुरुडच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवायला घोडा घेतला होता, अर्थात आमच्या कर्जातून. आता घोडाही नजरगहाणच. आणि नियम असा की अधिकाऱ्याने तारणाशेजारी उभं राहून फोटो काढायचा आणि फाइलला लावायचा.

रिक्षा फोटोला नीट उभी राहते. गिरण तर हलतसुद्धा नाही. घोड्याला मात्र साळवीसाहेब पसंत पडले नाहीत. साहेब डावीकडे गेले की तो उजवीकडे वळायचा. शेवटी मालकाने लगाम धरला, साहेबांनी एक हात घोड्याच्या मानेवर ठेवला, चेहरा हसरा केला आणि फोटो निघाला. त्याच क्षणी घोडा गर्रकन फिरला, त्यामुळे फोटोत पूर्ण आले ते एकटे साहेब. बाजूला नुसतं थोडं शेपूट.

वर्षाच्या शेवटी पुण्याहून ऑडिटला दातेसाहेब येतात. माणूस सरळ, पण कागदात जे नाही ते जगात नाही असं मानणारा. त्यांनी फोटो उलटसुलट करून बघितला आणि शेरा मारला, 'छायाचित्रातील तारण कोणते, याचा खुलासा करावा.'

साळवीसाहेबांनी तो शेरा आजवर पुसू दिलेला नाही. रागावले की स्वतःच म्हणतात, "मी इथे तारण आहे, माझ्याशी नीट बोला."

*

शिरधनकर बाईंचा किस्सा अगदी लहान आहे. एक नवी मुलगी शिकाऊ म्हणून आली होती. तिला नजरगहाण काही केल्या समजेना. ताबा एकाचा आणि हक्क दुसऱ्याचा, हे कसं, म्हणून ती मला सारखी विचारत होती. मी कायद्याचं पुस्तक उघडणार तेवढ्यात बाई नोटा मोजता मोजता म्हणाल्या, "अगं, माझा नवरा बघ. ताबा माझ्याकडे, नजर सासूबाईंची. सत्तावीस वर्षं हप्ते भरतेय, बोजा काही उतरत नाही."

मुलीला समजलं. नंतर परीक्षेत तिने चांगले मार्क घेतले. उत्तरात काय उदाहरण लिहिलंन ते मात्र तिने सांगितलं नाही.

*

कांबळे वसुली अधिकारी असले तरी त्यांच्या तोंडून वसुली हा शब्द कोणी ऐकलेला नाही. ते दारात गेले की आधी विहिरीला पाणी किती आहे ते विचारतात, मग मुलांची शाळा, मग काजूचा मोहर. हप्त्याचा विषय समोरचा माणूसच काढतो, कारण तो न काढता कांबळे उठत नाहीत.

संगमेश्वरच्या बाजूला एका बँडपार्टीला आम्ही वाद्यांसाठी कर्ज दिलं होतं. दोन सॅक्सोफोन, ट्रंपेट, ढोल आणि एक कीबोर्ड. सगळं नजरगहाण. कांबळे तपासणीला गेले तर घरी कोणीच नाही. म्हातारी म्हणाली, "लग्नाला गेले सगळे, तिथंच जावा." कांबळे गेले. वरात रस्त्यात होती. मग त्यांनी फाइल बगलेत मारली आणि वरातीबरोबर चालत एकेक वाद्य मोजायला सुरुवात केली.

नवऱ्याच्या मामाने बघितलं की एक अनोळखी, सभ्य माणूस बँडच्या पुढे तन्मय होऊन चालतोय. त्यांना वाटलं मुलीकडचे कोणी मानाचे पाहुणे. त्यांनी कांबळ्यांच्या डोक्याला फेटा बांधला. मग नवऱ्याच्या भावांनी त्यांना मधे ओढलं. ढोलवाल्याने साहेब ओळखले आणि घाबरून अजून जोरात वाजवायला लागला.

दुपारी कांबळे शाखेत आले ते डोक्यावर केशरी फेटा आणि हातात पेढ्यांचा बॉक्स घेऊन. कोणाला काही न सांगता टेबलाशी बसले आणि अहवाल लिहिला. 'सर्व वाद्ये जागेवर. चालू स्थितीत. आवाज येतो.'

*

पुढचं सांगताना मी जरा हळू होते, तेही चालवून घ्या.

गिरण घेतल्यावर तिसऱ्या वर्षी दिलीप मांडवकर गेला. गिरणीतच छातीत कळ आली आणि संपलं. सुलभा आणि तिची मुलगी, दोघीच राहिल्या. गिरण ती आधीपासून चालवत होतीच. आता मसाल्याचा डंकही तिनेच हातात घेतला. गावात कोणाचा मसाला किती तिखट, हे तिला मिरची बघूनच कळायचं. एकाही महिन्याचा हप्ता तिने चुकवला नाही.

दिलीपचा मोठा भाऊ मुंबईला असतो. तेराव्याला आला होता तेव्हा गिरणीकडे बघून म्हणाला होता की बाईमाणसाला एवढं कशाला झेपणार. त्याच्यानंतर काही महिन्यांनी एका सकाळी सुलभाचा मला फोन आला. आवाज अगदी बारीक होता.

"मॅडम, भावोजी टेम्पो घेऊन आलेत. गिरण विकली म्हनतायत. चार माणसं हायत बरोबर."

मी फोन स्पीकरवर टाकून साळवीसाहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेबांनी सुलभाला सांगितलं की फोन भावोजींना दे.

"गिरण माझ्या भावाची आहे," पलीकडून आवाज आला. "घरच्या मामल्यात तुम्ही पडू नका."

"बरोबर आहे," साहेब म्हणाले. "गिरण तुमच्या भावाची, आणि त्याच्यामागे त्याच्या बायकोची. ते तुम्ही घरात बघा. मी फक्त तिच्यावर लाल अक्षरांत काय लिहिलंय ते सांगतो. फिटेपर्यंत आमच्या परवानगीशिवाय ती जागची हलवता येत नाही. हलवलीत तर मी पोलिसात जाणार. न्यायचीच असेल तर उरलेलं सगळं कर्ज भरा. आज शाखेत या, मी चहा मागवतो."



"कर्ज मी कशाला भरू?"

"मग चहा राहिला," साहेब म्हणाले.

मागे कोणीतरी टेम्पो सुरू केल्याचा आवाज आला. मग सुलभा फोनवर आली. "रिकामाच गेला, मॅडम."

इतकी वर्षं आम्ही लोकांना सांगत आलो की नजरगहाण म्हणजे हप्ते थकले तर वस्तू उचलून नेण्याचा अधिकार. त्या दिवशी पहिल्यांदा तो शब्द वस्तू जागेवर राहावी म्हणून कामाला आला. साहेबांनी चहा मागवला, आमचा आम्हीच प्यालो. त्या दिवशी त्यांना थँक्यू म्हणायचं राहून गेलं. आता म्हणते.

*

सुलभाने त्यानंतर नुसता हप्ता नाही, जमेल तसं जास्तही भरायला सुरुवात केली. शिमगा झाला की मसाल्याचा हंगाम सुरू होतो, तेव्हा ती पहाटेपासून डंकाशी असायची. मुलगी नर्सिंग शिकायला लागली. आणि मुदत संपायला दोन वर्षं असतानाच एक दिवस सुलभा पिशवीत पैसे घेऊन आली आणि सगळं कर्ज भरलंन.

सगळं म्हणजे, जवळजवळ सगळं.

"सुलभा, रुपया राहिला गं," शिरधनकर बाई काचेमागून म्हणाल्या. "दे, खातं बंद करून टाकू. बोजा उतरल्याचा दाखला मॅडम लगेच देतील."

"रुपया राहू दे," सुलभा म्हणाली.

बाईंना वाटलं सुट्टे नसतील. "मी घालते, मागाहून दे."

"नको वो बाई. हाय माझ्याकडे." तिने पदराची गाठ सोडून खरोखर एक नाणं दाखवलं आणि परत बांधून ठेवलं. "पण तो राहू दे. तुमची नजर राहू दे."

मी उठून बाहेर आले. तिला बाकावर बसवलं आणि समजावलं. गिरण आता तिचीच आहे, वारसाचे कागद झालेत, दिराने काही केलं तर कोर्टात जाता येईल, कायदा तिच्या बाजूने आहे.

"कायदा हाय, माहिती हाय," ती म्हणाली. "पण दारात टेम्पो उभा राहतो तेव्हा कोर्ट कुठं असतं, मॅडम? ती लाल अक्षरं तिथं असतात. भावोजी दर शिमग्याला येतात, आधी ती अक्षरं वाचतात, मग चपला काढतात."

"अगं, पण त्यांनाच कळलं आणि त्यांनीच रुपया भरून टाकला तर?" शिरधनकर बाईंनी आतून विचारलं.

सुलभा हसली. "भावोजी? दुसऱ्यासाठी रुपया?"

हे बाईंना इतकं पटलं की त्यांनी पुढे काही विचारलं नाही. प्रकरण साळवीसाहेबांकडे गेलं. साहेब नियमाचे माणूस. त्यांनी चष्मा लावून कर्जरोखा पहिल्यापासून वाचून काढला. नंतर म्हणाले, "मुदतीआधी कर्ज फेडायचा कर्जदाराला हक्क आहे, पण सक्ती कुठे लिहिलेली नाही. मुदत आहे तोवर थकबाकी नाही. थकबाकी नाही तर आमची तक्रार नाही. मुदतीपर्यंत मुलगी नोकरीला लागेल ना तुझी?"

"लागेल साहेब."

"मग त्या वेळी दोघी मिळून भरायला या."

सुलभाने पिशवीतून मसाल्याच्या चार पुड्या काढून चार टेबलांवर ठेवल्या. "उपकार झाले" एवढं म्हणाली आणि एसटी चुकेल म्हणून घाईने गेली. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी सांगितलं, मसाल्यामुळे. कांबळ्यांच्याही आलं. त्यांनी पुडी उघडलेली नव्हती.

*

त्या वर्षीच्या ऑडिटला दातेसाहेब नेहमीप्रमाणे पुण्याहून आले. सकाळी माझ्या टेबलाशी बसून कर्जाची यादी वरून खाली बघत होते. एका जागी त्यांचं पेन थांबलं.

"सुर्वे मॅडम, येणे बाकी एक रुपया? ही प्रिंटिंगची चूक आहे का?"

"नाही साहेब. बरोबर आहे."

"तारण?"

"गिरण आणि डंक. नजरगहाण."

त्यांनी चष्मा काढला. "एका रुपयासाठी तुम्ही एका बाईची अख्खी गिरण अडकवून ठेवलीत? ती विधवा आहे, इथे लिहिलंय. तिला रुपया भरायला यायचं तर एसटीचं भाडंच किती पडेल. काही माणुसकी आहे की नाही?"

मी साळवीसाहेबांकडे बघितलं. साळवीसाहेबांनी कांबळ्यांकडे बघितलं. कांबळे छताकडे बघत होते.

"साहेब, त्याचं असं आहे..." साळवीसाहेबांनी सुरुवात केली.

"काही सांगू नका. असली खाती मी ठेवू देत नाही." दातेसाहेब उठले. मी त्यांना इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कोणासाठी तरी हळहळताना बघत होते. "कर्जखात्यात पैसे कोणीही भरू शकतो ना? मग मी भरतो. बाईला कळवायचीसुद्धा गरज नाही. आजच बोजा उतरवा, आणि त्या गिरणीवरचं तुमचं नाव पुसून घ्या."

त्यांनी पाकिटाच्या चोरकप्प्यातून एक नाणं शोधून काढलं, कॅशच्या खिडकीशी गेले आणि काचेखालून आत सरकवलं.

शिरधनकर बाईंनी नाण्याकडे बघितलं. मग दातेसाहेबांकडे. मग खाली वाकून ड्रॉवरमधली पाटी काढली, पदराने पुसली आणि नाण्याच्या पुढ्यात उभी केली. 'रोख व्यवहार बंद.'

"अहो बाई, आत्ता तर अकरा वाजतायत," दातेसाहेब म्हणाले.

"हो ना," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी डबा उघडला.